ह्यात सूर कुठाय?

पत्र: मी ३८ वर्षांची, बार्शीला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हार्मोनिअमच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न, नोकरी, मुलं यात पेटी कपाटावर गेली. दीड वर्षापूर्वी भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक टाकून दिलं. हा सॉफ्टवेअरमधला मॉड्युलर सिंथ: आवाज घडवणारे सुटे डबे, म्हणजे मॉड्यूल्स, पडद्यावरच्या तारांनी जोडायचे. मुलं झोपली की दहा ते अकरा मी हेडफोन लावून तारा जोडत बसते. शंभरावर मॉड्यूल्स उतरवून झाली, चाळीसेक फाइली साठल्या, पण पुरी झालेली चीज एकही नाही. हल्ली आवाजही तडतडतो. भाचा म्हणतो साठ हजारांचा लॅपटॉप घे, नाहीतर महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक टाकून देतो. परवा धीर करून पेटीच्या गुरुजींना एक तुकडा ऐकवला. ते म्हणाले, "हे विजेचं गुरगुरणं झालं. ह्यात सूर कुठाय?" दोन रात्री झोप नाही. मी वेळ वाया घालवतेय का?
— बार्शीची वाचक

उत्तर:

ताई,

आधी गुरुजींचं बोलू. तुमची झोप त्यांच्या एका वाक्यानं उडालीये, लॅपटॉपनं नाही.

"ह्यात सूर कुठाय" हा प्रश्न मनाला लागला असेल, पण तो रास्त आहे. आणि तो नवाही नाही. तुमच्या कपाटावरच्या पेटीलाही तो विचारला गेलाय, आणि नुसता विचारून लोक थांबले नाहीत. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनिअमवर बंदी घातली. हे परदेशी वाद्य आहे, बारा ठरलेल्या पट्ट्या आहेत, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड निघत नाही, गांधार म्हणजे ग चढा लागतो, अशी तक्रार होती. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याच पेटीवर नाट्यगृहंच्या नाट्यगृहं डोलवली होती, तरी रेडिओचा दरवाजा तीस वर्षं बंद राहिला. म्हणजे गुरुजी आज ज्या वाद्यावर शिकवतात, त्यानं हा खटला आधीच लढलेला आहे.

आणि गंमत अशी की पेटीवरचा तो गांधाराचा आरोप खरा होता, आणि तुमच्या रॅकमध्ये त्याचं उत्तर आहे. आज रात्री बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच करून बघा.

कोरा पॅच, म्हणजे नवी जोडणी, उघडा. रॅकसोबत आलेले दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी मॉड्यूल्स, ठेवा, ते एकत्र करणारा एक साधा मिक्सर, आणि आवाज बाहेर काढणारं ऑडिओ मॉड्यूल. बस. दोन्ही ऑसिलेटरच्या करवती, म्हणजे 'सॉ' लहरीच्या छिद्रातून तार काढून मिक्सरमध्ये घाला. करवतीच का, तर तिच्यात सगळे उपस्वर असतात, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आकड्यांचे बारीक सूर. साध्या साइन लहरीत ही गोष्ट कानाला नीट कळणार नाही. आता पहिल्या ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सीच्या बटणावर उजवी टिचकी मारून आकडा टाइप करा: २०७.६५ हर्ट्झ. हा काळी चारचा सा. दुसऱ्यावर टाका २६१.६३. हा त्या साचा शुद्ध गांधार, तुमच्या पेटीवर जसा लागतो अगदी तसा.

डोळे मिटून ऐका. सुरांच्या वरच्या बाजूला एक थरथर आहे, सेकंदाला साधारण आठ वेळा. पेटी वाजवताना ती आपण इतकी वर्षं ऐकलेली असते की ऐकूच येत नाही. तिचं कारण सरळ आहे. साच्या पाचव्या उपस्वराचा आकडा येतो १०३८, पेटीच्या गांधाराच्या चौथ्या उपस्वराचा १०४६. दोघं शेजारी उभे राहून एकमेकांना ढकलतात.

आता दुसरा आकडा हळूहळू खाली आणा. २६१. २६०.५. थरथर संथ होत जाईल, झोका लांबेल. २५९.५६ वर या. थांबली ना? तानपुरा चांगला जुळला की तारांमधून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो हा. साच्या सव्वापट. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अर्धा तास तसाच बसून होतो. पुस्तकात 'स्वयंभू गांधार' हा शब्द कितीदा वाचला होता. त्या रात्री तो माझ्या हातून लागला.

पेटीवाल्याला हे करायचं तर पाती घासावी लागते. तुमच्या रॅकसारख्या मॉड्युलर सिंथमध्ये सूर म्हणजे विजेचा दाब. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. पेटीचा गांधार सापासून ०.३३३ व्होल्टवर बसतो, आपला ०.३२२ वर. मधल्या कुठल्याही जागी थांबायला यंत्राची हरकत नाही. श्रुती, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या बारीक जागा, मानणाऱ्या माणसाच्या हातात याहून मोकळं वाद्य क्वचितच आलं असेल. तेव्हा सूर इथे आहेच, आपण तो जुळवला का, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा. तुम्ही गुरुजींना ऐकवलेल्या तुकड्यात तो जुळवलेला नसावा, असा माझा अंदाज आहे. नवं वाद्य हातात आलं की आपण आधी आवाजाच्या मागे लागतो, सगळेच लागतात.

विजेवर आपलं संगीत करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, हेही सांगून ठेवतो. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला, आणि पुढची काही वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या मंडळींनी त्यावर काम केलं. खोलीभर तारा, आणि ध्वनिमुद्रण फितींवर. त्या फिती कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, अलीकडे जगासमोर आल्या. आणि मुंबईत चित्रपट संगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी विचारात घेतली नाही. आज जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले ती आदरानं ऐकतात. त्या यंत्रांचं काम करणारी सॉफ्टवेअर आज तुम्हाला फुकट मिळतायत, आणि बार्शीत रात्री दहा वाजता मिळतायत. ही लहान गोष्ट नाही.

आता त्या चाळीस फाइलींकडे येऊ. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे.

रॅकमध्ये तुम्ही जे बनवता त्याला शेवट नसतो. तारा जोडल्या की आवाज सुरू होतो आणि सुरूच राहतो. कुठे सम नाही, कुठे आवर्तन पुरं होत नाही, 'झालं' असं यंत्र कधी म्हणत नाही. मग काही सुचलं नाही की हात आपोआप नवं मॉड्यूल उतरवायला जातो. शंभर मॉड्यूल्स म्हणजे शंभर डबे असलेली मांडणी. स्वयंपाक दोन डब्यांतच होतो. तुम्ही आळशी नाही आणि तुमच्यात काही कमीही नाही. तुम्हाला चौकट मिळालेली नाही इतकंच. ती ट्रॅकरमध्ये मिळते.

ट्रॅकर हा संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरचा प्रकार १९८७ चा. कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरनं अमिगा कॉम्प्युटरसाठी तो लिहिला. त्या यंत्रातून एका वेळी चारच आवाज निघायचे, म्हणून पडद्यावर चार उभे रकाने. प्रत्येक ओळीत स्वर लिहायचा, आणि गाणं वरून खाली वाचत जायचं. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन आडवं असतं, ते उभं केलं की ट्रॅकर झाला. परीक्षेच्या वहीत तुम्ही बंदिशी लिहिल्यात, म्हणजे यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं.

तुमच्यासाठी मी सनव्हॉक्स सुचवतो. रशियातल्या अलेक्झांडर झोलोतोव्ह या एकट्या माणसानं ते बनवलंय. विंडोज, मॅक, लिनक्सवर फुकट आहे. फोनवर हवं असेल तर पैसे पडतात. त्यात मॉड्युलर सिंथ आणि ट्रॅकर एकाच छताखाली आहेत: एकीकडे ऑसिलेटर, फिल्टर, एको यांच्या चौकटी तारांनी जोडायच्या, दुसरीकडे पॅटर्नमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, स्वर लिहायचे. आणि ते इतकं हलकं आहे की तुमचा जुना लॅपटॉप त्याला पुरून उरेल. सोबत नमुन्याची गाणीही येतात. ती नुसती ऐकू नका, उघडून बघा. ट्रॅकरची फाइल म्हणजे संगीतकाराची उघडी वही. कुठल्या ओळीत काय लिहिलंय, कुठला आवाज कशानं बनलाय, सगळं दिसतं. मी असाच शिकलो, दुसऱ्याच्या वह्या वाचून.

हिशेब बघा. जुन्या ट्रॅकरचा एक पॅटर्न ६४ ओळींचा असायचा. आपला त्रिताल १६ मात्रांचा. एका मात्रेला चार ओळी दिल्या की ६४ ओळींत एक आवर्तन नेमकं बसतं, एक ओळ इकडे नाही की तिकडे नाही. ट्रॅकरवाले बऱ्याचदा सोळाच्या पायावर मोजतात, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत आणि मग १०. सुरुवातीला ते विचित्र वाटतं. पण त्या मोजणीत सम येते ०० वर, दुसरी टाळी १० वर, खाली (टाळी न देण्याची जागा) २० वर, तिसरी टाळी ३० वर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका रात्री स्वतःच सापडलं, आणि तेव्हापासून ते आकडे मला परके वाटत नाहीत. झपताल हवा असेल तर पॅटर्न ४० ओळींचा करा, रूपकला २८.

लय सुरुवातीला मिनिटाला १२५ ठोक्यांची असते. ती तशीच ठेवली तर एक ओळ ०.१२ सेकंदाची, एक आवर्तन ७.६८ सेकंदांचं, आणि आठ आवर्तनं म्हणजे एक मिनिट आणि वर थोडंसं. तुम्हाला एवढंच करायचंय. आठ आवर्तनं. एक मिनिट.

राग भूप घ्या. कीबोर्डची खालची ओळ पेटीसारखी चालते: झेड म्हणजे सा, एक्स रे, सी ग, व्ही म, बी प, एन ध, एम नी. कोमल आणि तीव्र स्वर वरच्या ओळीत, जिथे काळ्या पट्ट्या असत्या तिथेच. भूपाला तुम्हाला झेड, एक्स, सी, बी, एन एवढीच पाच बटणं लागतील. व्ही आणि एमला हात लावायचा नाही. (सा पांढरी एक धरून हे सांगतोय. काळी चारला न्यायचं ते नंतर बघू.) पहिल्या रकान्यात हे लिहा:

ग – रे सा | सा रे ग प | ध – प ग | रे ग रे सा

साध्या दहाच्या मोजणीत सांगतो: पहिला ग ओळ शून्यवर. रे आठवर, सा बारावर, पुढचा सा सोळावर, असं चार-चार ओळींनी पुढे. धैवत बरोबर ३२ वर, म्हणजे खालीच्या जागी (सोळाच्या मोजणीतल्या २० वर), पडतो. वाजवून बघा. सपाट वाटेल, टाइपरायटरवर भूप बडवल्यासारखा. लगेच नाउमेद होऊ नका, कारण पेटीत नसलेली एक गोष्ट इथे आहे.

मींड. ट्रॅकरमध्ये तीन नंबरचा इफेक्ट असतो. तो लिहिला की नवा स्वर ठोकला जात नाही, आधीचा सूर सरकत नव्या स्वरापर्यंत जातो. ध वरून प वर येताना ४० नंबरच्या ओळीत प सोबत तो इफेक्ट लिहा, शेजारी सरकण्याचा वेग लिहा, आणि पुढच्या दोन-तीन ओळींतही चालू ठेवा, नाहीतर सूर वाटेतच अडकून बसतो. वेग कमी-जास्त करत राहा. वेग जास्त ठेवलात तर ती नुसती घसरगुंडी होते. नेमका आकडा सापडला की धैवत पंचमात विरघळतो. मी तो आकडा देत नाही. तो तुमच्या आवाजावर, तुमच्या लयीवर ठरेल, आणि तो शोधण्यात जी रात्र जाईल तिला मी बेलाशक रियाज म्हणेन.

दुसऱ्या रकान्यात तानपुरा. रॅकमध्ये सा आणि मंद्र पंचम जुळवा, तिथेच ध्वनिमुद्रित करून घ्या आणि सनव्हॉक्सच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे मुद्रित आवाज वाजवणाऱ्या चौकटीत, टाका. रॅकचा खरा उपयोग मला हा वाटतो: एक आवाज मनाजोगता घडवायचा, उचलायचा आणि गाण्यात आणायचा. (फक्त एक जपा. भूप पांढरी एकमध्ये लिहिलाय, तर तानपुऱ्याचा साही २६१.६३ चा घ्या. मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, १९६.२२.)

तिसऱ्यात ठेका. इथे तबल्याचे तयार नमुने शोधत बसू नका. स्वयंपाकघरात जा. फोन जवळ धरून खलबत्त्याचा ठोका, रिकाम्या कळशीवर बोटांची थाप, पोळपाटावर लाटणं, असे तीन आवाज घ्या. ऑडॅसिटी हे आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात प्रत्येक आवाजाच्या आधीची शांतता अगदी काटेकोर कापा, कारण सुरुवातीला पाव सेकंद मोकळा राहिला तरी ठोका दोन ओळी उशिरा पडतो आणि तुम्ही लयीत चुकताय असं वाटत राहतं. वेव्ह फाइल करा, सॅम्पलरमध्ये घाला. समेवर कळशी घुमू द्या आणि खालीला ती काढून टाका. माझ्याकडे आईच्या खलबत्त्याचा एक ठोका आहे. आई आता नाही. तो ठोका मी किती तुकड्यांत वापरलाय याची मोजदाद नाही.

चौथा रकाना मोकळा ठेवा. सातव्या आवर्तनापर्यंत तिथे काहीही लिहायचं नाही.

चार रकाने, आठ आवर्तनं, आणि सात रात्री. आठव्या रात्री गाणं वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढायचं, जसं असेल तसं. मग नवी फाइल. मुदतीचं मी उगाच सांगत नाही. आमच्या गावात भारनियमन जोरात होतं तेव्हा वीज रात्री सव्वानऊला जायची, आणि कामावरून येऊन मला जेमतेम पाऊण तास मिळायचा. माझे पुरे झालेले पहिले अकरा तुकडे त्या पाऊण तासांतले आहेत. पुढे इन्व्हर्टर आला, रात्री मोकळ्या झाल्या, आणि वर्षभर एकही तुकडा पुरा झाला नाही. तुमचे दहा ते अकरा ही साठ मिनिटं आहेत. ती भरपूर आहेत.

त्या जुन्या चाळीस फाइली पुसू नका. एका फोल्डरमध्ये बंद करा. सहा महिन्यांनी त्यात आवाज सापडतील. गाणी नसतील, पण आवाज असतील.

लॅपटॉप घेऊ नका. रॅकची तडतड म्हणजे प्रोसेसरला वेळेत हिशेब उरकत नाहीये. ऑडिओ मॉड्यूलवर ब्लॉक साइज २५६ असेल तर १०२४ करा. आवाज सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका उशिरा येईल, पण तुम्ही त्यावर थेट वाजवत नाही, तेव्हा काही बिघडत नाही. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झवर आणा. मेन्यूत परफॉर्मन्स मीटर आहे, तो लावला की कुठलं मॉड्यूल जास्त खातंय ते दिसतं, ते काढा. चित्रांचाही बोजा असतो, म्हणून फ्रेम रेट खाली आणा. एवढं करून चालेल. नाहीच चाललं तर दहा मॉड्यूल्सच्या वर जाऊ नका. साठ हजारांत मुलांची दोन वर्षांची फी निघते हे मी तुम्हाला सांगायला नको.

क्रॅकला मात्र ठाम नाही म्हणा. शाळेचे निकाल, बँकेचा पासवर्ड, मुलांचे फोटो, सगळं त्याच लॅपटॉपवर आहे ना? कुणी कुलूप तोडून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून आणखी काय घरात येतं ते कळत नाही. शिवाय गरजच नाही. रॅकचा कोड उघडा आहे, तो कुणालाही वाचता येतो. सनव्हॉक्स बनवणाऱ्यानं ते स्वतःच्या हातानं फुकट दिलंय. भाच्याला सांगा, उत्साह असेल तर येऊन ऑडॅसिटी टाकून दे आणि खलबत्ता धरून उभा राहा.

वेळ वाया जातोय का, असं विचारलंत. दिवसभर चाळीस मुलांना पाढे शिकवून, घरचं सगळं आवरून जी बाई रात्री दहाला स्वरांपाशी येते, तिच्या त्या एका तासाचा हिशेब मागायचा हक्क मला तरी नाही. पेटी सुटल्याची खंत तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ती खाली काढा. भूपाची चाल आधी पेटीवर वाजवा, मग पॅटर्नमध्ये लिहा. दोन्ही एकमेकांना शिकवतील.

आणि गुरुजींकडे परत जा. तुकडा घेऊन नको, लॅपटॉप घेऊन. तो दोन ऑसिलेटरचा पॅच उघडा, हेडफोनचा आवाज आधी कमी करा, मग तो त्यांच्या कानांवर ठेवा. गांधार मुद्दाम २६१.६३ वर असू द्या. काही समजावून सांगू नका. फक्त माउस त्यांच्या हातात द्या, बटण कुठलं ते दाखवा, आणि म्हणा, "गुरुजी, हा ग जरा जुळवून द्या."